बॅकअप क्लायंटमध्ये तारखेची मांडणी बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान आयबीएमच्या स्टोरेज प्रोटेक्ट या बॅकअप प्रणालीतील बॅकअप-आर्काइव्ह क्लायंटविषयी, म्हणजे आपल्या संगणकावर चालून त्यातील फाइली बॅकअप सर्व्हरकडे पाठवणाऱ्या व परत आणणाऱ्या प्रोग्रामविषयी आहे. ही प्रणाली १९९३ साली एडीएसएम या नावाने बाजारात आली, १९९९ मध्ये तिचे नाव टिवोली स्टोरेज मॅनेजर झाले, २०१५ मध्ये स्पेक्ट्रम प्रोटेक्ट आणि २०२३ मध्ये स्टोरेज प्रोटेक्ट झाले. अनेक कार्यालयांत तिला आजही ‘टीएसएम’ म्हणूनच ओळखतात आणि फोल्डरांच्या नावांतही टिवोली हा शब्द टिकून आहे. वाचनाच्या सोयीसाठी पर्यायांची व कमांडांची नावे आणि आकडे येथे देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर मात्र ते सर्व इंग्रजी लिपीत व इंग्रजी आकड्यांतच टाइप करावे लागतात.

क्लायंटमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर असा क्रम का दिसतो?

क्लायंटला मांडणी स्पष्टपणे सांगितलेली नसेल, तर तो सुरू होताना ज्या लोकेलमध्ये चालत असतो, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमने भाषा आणि प्रदेश यांविषयी जी माहिती दिलेली असते, तिच्यावरून तारखेचा क्रम ठरवतो. आपल्याकडे बहुतेक सर्व्हर अमेरिकी इंग्रजीतच इन्स्टॉल केलेले असतात, त्यामुळे महिना/दिवस/वर्ष हा अमेरिकी क्रम आपोआप येतो. हा क्लायंटचा दोष नाही. परंतु लहानपणापासून दिवस आधी लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला ०४/०७/२०२४ ही तारीख ४ जुलैच वाटणार, आणि अमेरिकी मांडणीत ती ७ एप्रिल असते. पुण्यातील पथक आणि अमेरिकेतील पथक एकाच सर्व्हरची देखभाल आळीपाळीने करतात, तेथे हा घोळ दोन्ही बाजूंनी होतो.

कोणकोणत्या मांडण्या उपलब्ध आहेत?

यासाठी डेटफॉर्मॅट नावाचा पर्याय आहे आणि त्याला एक अंक द्यावा लागतो. १ म्हणजे महिना/दिवस/वर्ष. २ म्हणजे दिवस-महिना-वर्ष, मध्ये आडवी रेघ. ३ म्हणजे वर्ष-महिना-दिवस, हीदेखील आडव्या रेघेने. ४ म्हणजे दिवस.महिना.वर्ष, मध्ये टिंब. जर्मन भाषेतील क्लायंटमध्ये हीच मूळ मांडणी असते, आणि आपल्या शासकीय पत्रांत ‘दि. ०४.०७.२०२४’ असे जे लिहिले जाते, त्याच्याशीही ती जुळते. ५ म्हणजे वर्ष.महिना.दिवस, ६ म्हणजे वर्ष/महिना/दिवस आणि ७ म्हणजे दिवस/महिना/वर्ष. वर्ष सर्व मांडण्यांत चार अंकी असते. शून्य हा अंक दिल्यास क्लायंट पुन्हा लोकेलकडे पाहतो.

हा पर्याय नेमका कोठे लिहायचा?

क्लायंटच्या ऑप्शन फाइलमध्ये, म्हणजे डीएसएम डॉट ऑप्ट या फाइलमध्ये. विंडोजवर ही फाइल सामान्यतः प्रोग्राम फाइल्स या फोल्डरातील टिवोली, त्यातील टीएसएम आणि त्यातील बीएक्लायंट या फोल्डरात असते; लिनक्सवर ती ऑप्ट, टिवोली, टीएसएम, क्लायंट, बीए, बिन या मार्गावर असते. लिनक्स आणि युनिक्सवर डीएसएम डॉट सिस नावाची आणखी एक फाइल असते आणि बॅकअप सर्व्हरचा पत्ता वगैरे गोष्टी तिच्यात लिहिल्या जातात. तारखेचा पर्याय मात्र डीएसएम डॉट ऑप्टमध्येच लिहावा.

फाइलमध्ये एका स्वतंत्र ओळीवर डेटफॉर्मॅट हा शब्द, त्यानंतर मोकळी जागा आणि मग अंक, एवढेच लिहायचे असते. येथे बरोबरचे चिन्ह लागत नाही; ते कमांडसोबत पर्याय देतानाच लागते. ओळीच्या सुरुवातीला तारांकन असेल तर क्लायंट ती ओळ टिप्पणी समजून सोडून देतो, म्हणून जुनी ओळ पुसण्याऐवजी तिच्यापुढे तारांकन घालून ठेवावे. पुढे कोणाला पूर्वीची मांडणी पाहायची असेल तर ती हाताशी राहते. विंडोजवर प्रोग्राम फाइल्समधील फाइल बदलण्यासाठी संपादक प्रशासकीय अधिकारांनी उघडावा लागतो.

ज्यांना फाइल हाताने बदलायची नाही, त्यांनी क्लायंटची खिडकी उघडून एडिट या मेनूतील क्लायंट प्रेफरन्सेस निवडावे आणि तेथील रीजनल सेटिंग्ज या भागातील डेट फॉर्मॅटच्या यादीतून हवी ती मांडणी घ्यावी. तसे केले तरी बदल शेवटी त्याच ऑप्शन फाइलमध्ये लिहिला जातो.

एका संगणकावर एकाहून अधिक ऑप्शन फाइली असू शकतात, हे विसरू नये. क्लस्टरमधील, म्हणजे एकत्र जोडून चालवलेल्या सर्व्हरांमधील, प्रत्येक गटासाठी वेगळी फाइल असते, आणि डीएसएम कॉन्फिग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून किंवा ऑप्टफाइल या पर्यायातून क्लायंटला भलतीच फाइल दाखवलेली असू शकते. ‘बदल केला, पण काहीच फरक पडला नाही’ अशी तक्रार आली, की मी सर्वप्रथम हेच तपासतो.

केवळ एका कमांडपुरती मांडणी बदलता येते का?

येते. कमांडसोबत ‘-डेटफॉर्मॅट=३’ असे लिहिले, की त्या कमांडला तीच मांडणी लागू होते. मात्र एक अट आहे, आणि ती पाळली नाही तर सगळा हेतूच फसतो: हा पर्याय फ्रॉमडेट (या तारखेपासून), टूडेट (या तारखेपर्यंत) आणि पिटडेट (या तारखेची स्थिती) या पर्यायांच्या आधी यायला हवा. ‘-डेटफॉर्मॅट=३ -पिटडेट=२०२४-०७-०४’ हा क्रम योग्य आहे; उलटा क्रम योग्य नाही.

क्लायंटचा कमांड प्रॉम्प्ट सुरू करतानाच हा पर्याय दिला, तर तो त्या संपूर्ण सत्रासाठी टिकतो. सत्र सुरू झाल्यानंतर एखाद्या कमांडसोबत दिला, तर ती कमांड संपताच मांडणी पूर्वपदावर येते. एकामागून एक कमांडा देत जाणाऱ्या माणसाला हा फरक सहज जाणवत नाही. पहिल्या कमांडला दिलेली मांडणी पुढच्या कमांडलाही लागू असेल असे तो गृहीत धरतो आणि दुसऱ्या कमांडमध्ये तारीख उलटी वाचली जाते.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे ना? मग त्याची इतकी चिंता का करायची?

हाच या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण ‘दिसण्याचा प्रश्न’ ही समजूत अर्धीच खरी आहे. ज्या मांडणीत क्लायंट तारीख दाखवतो, त्याच मांडणीत तो आपण लिहिलेली तारीख वाचतो. म्हणजेच विशिष्ट दिवसाची स्थिती परत आणायची असेल आणि आपण पिटडेट या पर्यायात ०४/०७/२०२४ असे लिहिले, तर क्लायंट त्याचा अर्थ ४ जुलै लावेल की ७ एप्रिल, हे सर्वस्वी त्या वेळच्या मांडणीवर अवलंबून असते.

दिवस बारापेक्षा मोठा असेल तर चूक लगेच उघडकीस येते. पंचविसावा महिना नसतो, म्हणून क्लायंट तारीख नाकारतो आणि माणूस सावध होतो. धोका असतो तो महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत. बारा महिन्यांचे बारा-बारा दिवस मिळून १४४ तारखा होतात. त्यातून १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा, उलट्या वाचल्या तरी न बदलणाऱ्या बारा तारखा वजा केल्या, तरी वर्षातील १३२ तारखा अशा उरतात ज्या दोन्ही क्रमांनी वैध असतात आणि दोन वेगळे दिवस दाखवतात. त्या दिवशी क्लायंट कोणतीही तक्रार न करता काम पूर्ण करतो.

मी पूर्वी ज्या ठिकाणी काम करत होतो, तेथे असेच घडले. हिशेबाच्या फोल्डरातील काही फाइली ४ जुलैच्या रात्रीच्या स्थितीत परत हव्या होत्या. कमांड मी स्वतःच लिहिली. फाइली परत आल्या, संख्याही जुळली, एकही त्रुटी दिसली नाही. दोन दिवसांनी लेखा विभागातील सहकाऱ्याच्या लक्षात आले की नव्या आर्थिक वर्षातील तीन महिन्यांच्या नोंदीच त्यांत नाहीत. तेथे जुन्या आवृत्त्या वर्षभर ठेवण्याचे धोरण होते, म्हणून ७ एप्रिलची स्थिती सर्व्हरवर उपलब्ध होती आणि क्लायंटने ती प्रामाणिकपणे आणून ठेवली होती. त्याच धोरणामुळे जुलैच्या आवृत्त्याही शिल्लक होत्या आणि काम निभावले. परंतु मधल्या दोन दिवसांत त्या फाइलींवर जे काम झाले होते, ते सर्व पुन्हा करावे लागले.

धोरण वेगळे असेल तर परिणामही वेगळा होतो. प्रणालीच्या मूळ ‘स्टँडर्ड’ धोरणात संगणकावर अस्तित्वात असलेल्या फाइलच्या केवळ दोन आवृत्त्या ठेवल्या जातात आणि जुनी आवृत्ती ३० दिवसांनंतर काढून टाकली जाते. अशा वेळी एप्रिलमधील आवृत्त्या शिल्लकच नसतील, तर बदल झालेल्या फाइली मिळणार नाहीत आणि माणूस ‘बॅकअपच झालेला नाही’ असा निष्कर्ष काढून घाबरून जाईल. पिटडेटसोबत वेळ दिली नाही तर त्या दिवसाचे २३:५९:५९ धरले जाते, हेही येथे लक्षात ठेवावे.

डिलीट आर्काइव्ह (दीर्घकाळ जपण्यासाठी ठेवलेल्या प्रती पुसणे) आणि डिलीट बॅकअप या कमांडांनाही हीच मांडणी लागू होते. नव्याने नोंदवलेल्या नोडला, म्हणजे बॅकअप सर्व्हरवर नोंदवलेल्या संगणकाला, बॅकअप पुसण्याची परवानगी मुळात नसते, पण आर्काइव्ह पुसण्याची असते. तेथे तारीख उलटी वाचली गेली, तर पुसलेली गोष्ट परत मागता येत नाही.

मांडणी बदलल्याने जुन्या बॅकअपना काही होते का?

नाही. सर्व्हरवर नोंदवलेल्या तारखा जशाच्या तशा राहतात, पुढचा इन्क्रिमेंटल (केवळ बदललेल्या फाइलींचा) बॅकअप नेहमीप्रमाणेच होतो आणि सर्व फाइली पुन्हा पाठवल्या जात नाहीत.

लॉग फाइलींचे काय होते?

येथे मात्र खरोखर नुकसान होऊ शकते, आणि ते बहुतेकांना नंतरच कळते. क्लायंट दोन मुख्य लॉग लिहितो: वेळापत्रकानुसार झालेल्या कामांचा डीएसएमशेड डॉट लॉग आणि त्रुटींचा डीएसएमएरर डॉट लॉग. प्रत्येक नोंदीच्या आरंभी तारीख असते आणि ती त्या वेळच्या मांडणीत लिहिलेली असते. शेडलॉगरिटेन्शन आणि एररलॉगरिटेन्शन या पर्यायांनी ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या नोंदी काढून टाकण्याची व्यवस्था केलेली असेल, तर मांडणी बदलल्यानंतरच्या पहिल्या छाटणीत वेगळ्या मांडणीतील सर्व नोंदी काढल्या जातात, मग त्या कालच्या का असेनात.

म्हणून बदल करण्यापूर्वी दोन्ही लॉग फाइलींची प्रत दुसऱ्या नावाने काढून ठेवावी. लेखापरीक्षणाच्या काळात ‘गेल्या तीन महिन्यांतील बॅकअपच्या नोंदी दाखवा’ अशी मागणी होते, तेव्हा ही प्रतच उपयोगी पडते. छाटणीचा पर्याय मुळात बंद असतो, त्यामुळे ज्यांनी तो कधीच सुरू केलेला नाही त्यांच्या जुन्या नोंदी राहतील. परंतु एकाच फाइलमध्ये वरचा भाग एका मांडणीत आणि खालचा दुसऱ्या मांडणीत अशी स्थिती होईल, आणि ०४/०७ ही नोंद कोणत्या भागातली आहे हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागणार नाही. मला विचाराल तर अशा वेळीही जुनी फाइल बाजूला ठेवून नव्या मांडणीने नवी फाइल सुरू होऊ द्यावी.

लॉग वाचून अहवाल बनवणाऱ्या स्क्रिप्ट असतील, तर त्याही त्याच दिवशी दुरुस्त कराव्यात. ‘आजच्या तारखेची ओळ शोध’ असे सांगणारी स्क्रिप्ट जुन्या मांडणीतील तारीख शोधत राहिली, तर तिला काहीच सापडणार नाही. आणि ती नीट लिहिलेली नसेल, तर ‘त्रुटी आढळली नाही’ असा अहवाल रोज पाठवत राहील. बॅकअप खरोखर अयशस्वी होत असतानाही असा अहवाल येत राहू शकतो, आणि मला या सगळ्यात सर्वाधिक भीती त्याचीच वाटते.

मी कमांड चालवतो तेव्हा तारीख दिवसापासून सुरू होते, पण शेड्युलरच्या लॉगमध्ये महिन्यापासून. असे का?

कारण आपण आणि शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी बॅकअप चालवणारा क्लायंटचा भाग, वेगवेगळ्या लोकेलमध्ये काम करता. विंडोजवर शेड्युलरची सर्व्हिस सहसा लोकल सिस्टिम या खात्याखाली चालते. आपण स्वतःच्या खात्यात प्रदेश ‘भारत’ असा निवडला तरी त्या खात्यावर त्याचा परिणाम आपोआप होत नाही. विंडोजच्या रीजन या खिडकीतील प्रशासकीय भागात आपली मांडणी सिस्टिम खात्यांवर उतरवण्याची सोय आहे. लिनक्सवर शेड्युलर सिस्टिम सुरू होताना चालू होतो आणि त्या वेळी भाषेचे व्हेरिएबल रिकामे असू शकते. क्रॉन या लिनक्सच्या वेळापत्रक-सोयीतून चालवलेल्या कमांडांचेही असेच होते.

लोकेल दुरुस्त करत बसण्यापेक्षा ऑप्शन फाइलमध्ये डेटफॉर्मॅट स्पष्ट लिहिणे मला अधिक खात्रीचे वाटते, कारण मग कोणत्याही खात्याने क्लायंट चालवला तरी मांडणी एकच राहते. बदलानंतर शेड्युलरची सर्व्हिस किंवा (शेड्युलर त्याच्यामार्फत चालत असेल तर) क्लायंट ॲक्सेप्टर ही सर्व्हिस रीस्टार्ट करावी; चालू असलेली सर्व्हिस जुन्या मांडणीनेच लिहीत राहते.

मग कोणती मांडणी निवडावी?

माझे मत ३ या मांडणीच्या बाजूने आहे, म्हणजे वर्ष-महिना-दिवस. हाच क्रम आयएसओ ८६०१ या, १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. चार अंकी वर्ष आधी आले की वाचणारा थबकतो आणि पुढचा आकडा महिन्याचा आहे हे त्याला कळते. या क्रमाची दुसरी प्रचलित वाचण्याची रीत नाही. शिवाय लॉगमधील ओळी साध्या मजकुराप्रमाणे क्रमाने लावल्या तरी त्या कालक्रमानेच लागतात, जे दिवस आधी असलेल्या मांडणीत शक्य नसते.

ज्या कार्यालयात सर्व कामकाज दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने चालते आणि क्लायंट वापरणारे सर्वजण तेथलेच आहेत, तेथे ७ किंवा ४ निवडण्यात काही गैर नाही. मात्र त्या कार्यालयाच्या सर्वच संगणकांवर तीच मांडणी असावी. दहा सर्व्हरांवर ७ आणि विसरून राहिलेल्या अकराव्यावर १, ही अवस्था सगळीकडे १ असण्यापेक्षा अधिक धोक्याची आहे.

वेब क्लायंटवर या पर्यायाचा परिणाम होतो का?

होत नाही. वेब क्लायंट ब्राउझरच्या लोकेलप्रमाणे तारीख दाखवतो आणि ते लोकेल त्याला ठाऊक नसेल तर अमेरिकी इंग्रजीची मांडणी घेतो.

वेळ आणि संख्या यांची मांडणीही बदलता येते का?

येते. टाइमफॉर्मॅट या पर्यायाला १ दिल्यास चोवीस तासांची वेळ अपूर्णविरामांनी दिसते, ४ दिल्यास बारा तासांची. रात्रीचे बॅकअप मध्यरात्र ओलांडून चालतात, त्यामुळे बारा तासांच्या घड्याळात १२ वाजून १० मिनिटे ही वेळ दुपारची की रात्रीची असा संभ्रम होतो. चोवीस तासांचीच वेळ ठेवावी. नंबरफॉर्मॅट या पर्यायात हजारांची व दशांशांची चिन्हे निवडता येतात, परंतु त्यातील सहाही मांडण्या तीन-तीन अंकांचे गट पाडतात. लाख-कोटींचे गट त्यांत नाहीत.

सर्व्हरवरील प्रशासकीय कमांडांमध्येही आपण निवडलेली मांडणी चालते का?

तेथे ते गृहीत धरू नये. सर्व्हरवरील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या क्वेरी ॲक्टलॉगसारख्या कमांडांच्या बिगिनडेट या घटकासाठी महिना/दिवस/वर्ष हाच क्रम दिलेला आहे. त्यावर सोपा उपाय म्हणजे तारीख न लिहिता ‘टुडे’ किंवा ‘टुडे-७’ असे सापेक्ष मूल्य देणे. सात दिवसांपूर्वीपासूनच्या नोंदी हव्या असतील तर त्यात गल्लत होण्याला जागाच राहत नाही.

डेटाबेससाठी वेगळा एजंट वापरत असाल, उदाहरणार्थ एसक्यूएल सर्व्हरसाठी, तर त्याची स्वतःची कॉन्फिगरेशन फाइल असते आणि तारखेची मांडणी तिच्यात वेगळी ठरवावी लागते.

बदल नीट झाला आहे हे कसे तपासावे?

ऑप्शन फाइल जतन केल्याबरोबर क्लायंटचा कमांड प्रॉम्प्ट एकदा उघडून पाहावा. पर्यायाच्या नावात अक्षराची चूक असेल तर क्लायंट तेथेच थांबतो, आणि ही चूक आपण पाहिली नाही तर शेड्युलरही सुरू होणार नाही व त्या रात्रीचा बॅकअप चुकेल. त्यानंतर क्वेरी ऑप्शन्स ही कमांड देऊन चालू असलेली मूल्ये पाहावीत, आणि क्वेरी फाइलस्पेस देऊन शेवटच्या इन्क्रिमेंटल बॅकअपची तारीख कोणत्या क्रमाने येते ते पाहावे. ही तपासणी शक्यतो महिन्याच्या १३ तारखेनंतर करावी, किंवा क्वेरी बॅकअप या कमांडने अशी फाइल शोधावी जिचा बॅकअप १३ किंवा त्यापुढील तारखेला झाला आहे. अन्यथा पडद्यावरचा आकडा दिवस आहे की महिना, हे पाहूनही ठरवता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेड्युलरच्या लॉगमधील शेवटच्या ओळी उघडून तेथेही तीच मांडणी आली आहे का, हे पाहावे. ती आली नसेल तर सर्व्हिस रीस्टार्ट करायची राहिली आहे किंवा ती दुसरीच ऑप्शन फाइल वाचत आहे.